नेरेइदाबाई माझ्यात बसल्या तेव्हा

मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझी दोन्ही चाके एका मापाची नाहीत. त्यामुळे चालताना मी थोडी डावीकडे ओढते. नवखा माणूस मला ढकलू लागला की थेट भिंतीवर नेऊन आपटतो आणि वर मलाच शिव्या देतो. मी मनावर घेत नाही. क्युबातल्या एका तंबाखूच्या गावात सरकारी दवाखाना आहे. त्याच्या तातडीच्या विभागात, दाराशेजारी, मी उभी असते. मी एक जुनी, हातांनी बनवलेली चाकाची खुर्ची. ह्या विभागात चाकाची खुर्ची एकच आहे आणि ती मी. एवढा मान असल्यावर चार शिव्या ऐकून घ्यायला काय हरकत आहे?

माझा जन्म कारखान्यात झालेला नाही. तीसेक वर्षांपूर्वी आमच्या देशावर फार ओढगस्तीचे दिवस आले होते. दुकानात साबण नव्हता, पंपावर तेल नव्हते आणि लहानथोर सगळे चिनी सायकलींवर फिरत होते. त्या दिवसांत एवेलियो नावाच्या वेल्डरची आई पडली आणि तिचे कमरेचे हाड मोडले. चाकाची खुर्ची कुठेच मिळेना. मग एवेलियोने शाळेतल्या मोडक्या बाकांच्या नळ्या आणल्या आणि वाकवून माझा सांगाडा केला. एक चाक त्याने स्वतःच्या सायकलचे काढले आणि दुसरे मेव्हण्याच्या सायकलचे. मेव्हण्याची सायकल जरा बुटकी होती, म्हणून मी अशी डावीकडे ओढते. मेव्हण्याने दोन महिने अबोला धरला होता म्हणे. हात टेकायला एवेलियोने पेरूचे लाकूड तासून लावले आणि बसायला ट्रकच्या ताडपत्रीची दुहेरी घडी शिवली.

त्याची आई चार वर्षे माझ्यात बसली. दारात बसून ती घेवडा निवडायची, येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची आणि कुणाचे कुणाशी जुळते आहे हे सगळ्यांच्या आधी ओळखायची. ती गेली तेव्हा एवेलियो मला स्वतः ढकलत दवाखान्यात घेऊन आला. "ही ठेवा," तो म्हणाला. "हिच्यात बसून माझ्या आईला कधी एकटं वाटलं नाही." एवढेच बोलून तो मागे न बघता निघून गेला.

तेव्हापासून मी इथली झाले. ह्या दवाखान्यात उपचाराला काही द्यावे लागत नाही. राजा असो नाहीतर रंक, सगळ्यांना तीच डॉक्टर आणि तेच इंजेक्शन. थांबावे मात्र लागते. पूर्वी इथे तीन डॉक्टर होते. त्यांतले दोघे परदेशी गेले आणि आता एकट्या डॉक्टर मायदेलीस आहेत. चादर, बादली, पंखा हे ज्याने त्याने घरून आणायचे. एकदा एका नवरोबाने बायकोच्या खाटेवर लावायला घरचा दिवा काढून आणला होता आणि त्यांचे घर आठवडाभर अंधारात होते. तरी लोक कुरकुर करत का होईना, इथेच येतात आणि बहुतेक बरे होऊन जातात. मी त्यांना आत नेते, बाहेर आणते. सुखी आहे मी, खोटे कशाला बोलू?

मधले एक वर्ष मात्र वाईट गेले. माझ्या एका चाकाची ट्यूब फाटली आणि नवी काही मिळेना. मला मागच्या अंगणात टाकले. माझ्यावरून पाण्याच्या बादल्या नेत, कपड्यांचे बोचके नेत. एका कोंबडीने तर माझ्याखाली संसारच थाटला. शेवटी तिबूर्सियोने मला वाचवले. तिबूर्सियो म्हणजे आमचा साठीला आलेला वॉर्डबॉय. त्याने बागेला पाणी घालायची जुनी नळी कापून टायरमध्ये भरली आणि तारेने बांधली. कोंबडी दोन दिवस मला शोधत दाराशी येत होती.

आता तुम्हाला आमची रांग सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यापायी घडले. आमच्याकडे रांगेत कुणी उभे राहत नाही. येणारा माणूस दारातूनच मोठ्याने विचारतो, "शेवटचं कोण?" सगळ्यात शेवटी आलेला हात वर करतो. झाले, आता नवा माणूस शेवटचा. आपल्या पुढचा चेहरा तेवढा लक्षात ठेवायचा. मग बाकावर बसा, झाडाखाली जा, कॉफी पिऊन या, घरी नळाला पाणी आले असेल तर भरून या. तुमची जागा कुठे जात नाही. रांग डोळ्यांना दिसत नाही, पण सगळ्यांच्या डोक्यात पक्की असते.

ज्याचा जीव धोक्यात आहे त्याला ही रांग नाही. त्यासाठी दाराजवळ नर्स ओदालिसचे टेबल आहे. ती येणाऱ्याकडे एकदा बघते, नाडी धरते आणि घाईचे असेल त्याला सरळ आत पाठवते. माझ्याबाबत तिचा कडक नियम होता: तिने तपासल्याशिवाय खुर्ची कुणालाही नाही. त्यामुळे माझ्यात बसलेला माणूस म्हणजे ओदालिसने बघितलेला माणूस, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. मला ह्या नियमाचा फार अभिमान होता.

त्या दिवशी मार्चमधली सकाळ होती. नदीच्या वळणावर माणसांनी भरलेला एक ट्रक कलंडला आणि अकरा जखमी एकदम आले. ओदालिस टेबल सोडून आत धावली. तिबूर्सियो स्ट्रेचर घेऊन आतबाहेर करू लागला. बाकांवर तीळ ठेवायला जागा नव्हती. अशा वेळी नेरेइदाबाई आल्या.

आमच्या गावात चिरूट वळायचा कारखाना आहे. तिथे दोनशे माणसे खाली मान घालून पाने वळतात आणि समोर चौथऱ्यावर बसून एक जण त्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. नेरेइदाबाई तिथे सव्वीस वर्षे वाचत होत्या. माइक बंद पडला तरी त्यांचा आवाज शेवटच्या टेबलापर्यंत पोचायचा, असे म्हणत. आता त्यांना निवृत्त होऊन दहा वर्षे झाली होती आणि त्या फार वाळल्या होत्या.

"शेवटचं कोण?" त्यांनी विचारले. ते जेमतेम ऐकू गेले.

"मी, बाई," कानात कापूस घातलेला एक गृहस्थ म्हणाला. "कान ठणकतोय नुसता. तुम्ही माझ्यामागं."

नेरेइदाबाईंनी मान हलवली आणि त्या भिंतीला टेकल्या. चादरी न्यायला बाहेर आलेल्या तिबूर्सियोने त्यांना पाहिले.

"अहो बाई, पडाल अशानं! बसा इथं," म्हणत त्याने मला पुढे ओढले.

"नर्सबाईंनी... सांगितलंय का?"

"मी सांगतोय ना! ती रागावली तर माझ्यावर रागावेल, मला सवय आहे."

त्याने त्यांना बसवले आणि चादरी घेऊन तो आत पळाला. समोरच्या घड्याळात दहाला दहा मिनिटे कमी होती. तिबूर्सियोने केले ते मायेनेच केले, मित्रांनो. माझ्याबाबतचा नियम कुणी इतक्या कळवळ्याने मोडलेला मी पहिल्यांदाच बघत होते आणि मला तर ते आवडलेच.

थोड्या वेळाने पाय मुरगळलेली एक जाडजूड बाई लंगडत आली. "शेवटचं कोण?" तिने विचारले. नेरेइदाबाईंनी पेरूच्या लाकडावरून दोन बोटे उचलली. पण कापूसवाले गृहस्थ म्हणाले, "त्यांचं झालंय हो, खुर्चीत आहेत बघा. शेवटचा मीच धरा."

त्या माणसाच्या मनात काही पाप नव्हते. तो गावाचा नियमच बोलत होता. पण त्या एका वाक्याने नेरेइदाबाई रांगेतून गळाल्या. पाय मुरगळलेल्या बाईच्या मागे तापाचे एक पोर घेऊन आई आली, तिच्यामागे आणखी काही जण आले आणि सगळ्यांत शेवटी विंचू चावलेला शेतकरी आला. प्रत्येकाला आपल्या पुढचा चेहरा ठाऊक होता. नेरेइदाबाईंचा चेहरा कुणाच्याच हिशेबात नव्हता.

अकराच्या सुमारास ओदालिस बाहेर डोकावली. तिच्या झग्यावर रक्त होते आणि तिने सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. तिने माझ्याकडे बघितले, माझ्यात बसलेल्या म्हातारीकडे बघितले आणि तिला वाटले, तिबूर्सियोने आतलाच पेशंट एक्स-रेसाठी आणून बसवला असेल.

"थोडं थांबा हं आजी, एक्स-रेवाला येतोच आहे," ती म्हणाली आणि पुन्हा आत गेली.

नेरेइदाबाईंनी तोंड उघडले, पण शब्द फुटायच्या आत दार मिटले होते. मग त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "आत लोकांचे हातपाय मोडलेत... माझं मेलीचं काय... उन्हानं झालं असेल."

उन्हाने झाले नव्हते. मी आयुष्यभर माणसे वाहिली आहेत. उन्हाचा घाम मला कळतो आणि दुसरा घामही कळतो. त्यांच्या पाठीचा घाम माझ्या ताडपत्रीतून गार गार झिरपत होता. त्या एका हाताने जबडा दाबत होत्या आणि दुसरा हात माझ्या लाकडावर असा आवळला होता की त्यांची नखे रुतत होती. मध्येच त्यांना उमासा आला, तो त्यांनी तोंडाशी रुमाल धरून गिळला. चारचौघांत तमाशा नको म्हणून. त्यांना त्रास होतो आहे हे त्या खोलीत एकट्या मला माहीत होते आणि मला तोंड नाही. जन्मात पहिल्यांदा मला माझा राग आला. मी साधा बाक असते तर कुणीतरी त्यांना विचारले असते. मी खुर्ची होते, म्हणून कुणी विचारत नव्हते.

घड्याळात बाराचे ठोके पडत होते तेव्हा लिओन्सिओ आला. तो चिरूट वळणारा. कामावरून तसाच उठून आला होता. अंगठ्याला फडके गुंडाळलेले आणि पाने कापायची पोलादी पाती अजून खिशात.

"शेवटचं कोण रे बाबांनो? लवकर सांगा, नाहीतर अंगठा इथंच ठेवून जातो."

"मी," विंचूवाला शेतकरी म्हणाला. "आणि अंगठा ठेवलास तर त्यालासुद्धा माझ्यामागंच थांबावं लागेल."

लोक हसले. त्या हसण्यात माझ्यातून एक आवाज निघाला. "मी... मागे... राहिले..."

लिओन्सिओची पाठ आमच्याकडे होती. तो जागच्या जागी थांबला. त्याने वीस वर्षे हा आवाज ऐकला होता, तोही मान खाली घालून, कारण पाने वळताना वर बघायला फुरसत नसते. चेहरा त्याने ओळखला नसता. आवाज ओळखला. तो वळून माझ्यासमोर उकिडवा बसला.

"वाचकबाई? तुम्ही?"

त्यांनी मान हलवली.

"बाई, एक अख्खं वाक्य बोला बघू. काहीही बोला."

"मी सकाळी... घरून... नि..."

लिओन्सिओ ताडकन उठला. "ही बाई पूर्णविराम आल्याशिवाय कधी श्वास घेत नव्हती!" तो मोठ्याने म्हणाला. "आम्ही पैजा लावायचो. अर्ध्या पानाचं वाक्य असलं तरी तोडायची नाही. आणि आज तीन शब्द होत नाहीत?"

चिरूटवाल्यांची एक रीत आहे. वाचन आवडले की ते टाळ्या वाजवत नाहीत, पाती टेबलावर आपटतात. लिओन्सिओने खिशातली पाती काढली आणि माझ्या नळीवर आपटली. ठण! ठण! ठण! शाळेच्या बाकाचे ते लोखंड असे काही वाजले की तापाचे पोरसुद्धा रडायचे थांबले. ओदालिस धावत बाहेर आली.

"काय चाललंय हे? दवाखाना आहे हा!"

"ह्या बाईंना कुणी पाहिलंय का?" लिओन्सिओने विचारले.

"त्या एक्स-रेला थांबल्यात."

"कुणी पाठवलं?"

ओदालिसने कापूसवाल्याकडे पाहिले, त्याने पाय मुरगळलेल्या बाईकडे पाहिले, बाईने आणखी कुणाकडे. मग तिने नेरेइदाबाईंची नाडी धरली आणि दाराकडे वळून ओरडली.

"तिबूर्सियो! दार उघड! डॉक्टर!"

लिओन्सिओ मला ढकलायला लागला. मी डावीकडे ओढले, अर्थात. "सरळ चल गं भवाने!" तो ओरडला. उंबऱ्यावर माझे चाक अडकले तेव्हा कापूसवाल्याने एका बाजूने आणि पाय मुरगळलेल्या बाईने, तसल्या पायाने, दुसऱ्या बाजूने मला बाईंसकट उचलले. रांगेतला एकही माणूस 'माझा नंबर आधी होता' असे म्हणाला नाही.

आत डॉक्टर मायदेलीस यांनी छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी बाहेर येताना बघितली आणि लगेच गोळी चघळायला दिली. मग रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लावले. त्यांचे हात भराभर चालत होते. पट्टी हातात धरून त्यांनी विचारले, "किती वेळ बसल्या होत्या ह्या बाहेर?"

कुणाला ठाऊकच नव्हते. दोन तास आणि दहा मिनिटे, हे मला ठाऊक होते.

नेरेइदाबाई वाचल्या. दुपारी त्यांना रुग्णवाहिकेने मोठ्या इस्पितळात नेले तेव्हा त्यांचा घाम थांबला होता आणि ओठांवर रंग आला होता. हृदयाचा एक तुकडा कायमचा दुबळा राहिला, असे पुढे कळले. लवकर आत गेल्या असत्या तर कदाचित तोही वाचला असता. मी हे लपवणार नाही. लिओन्सिओच्या अंगठ्याला पाच टाके पडले आणि ते घालून घ्यायला त्याला त्याच्या नंबरापर्यंत थांबावेच लागले.

संध्याकाळी विभाग रिकामा झाला तेव्हा ओदालिस माझ्यात येऊन बसली. ती कधीच माझ्यात बसत नसे. तिबूर्सियो फरशी पुसत होता.

"चूक माझी," तो म्हणाला. "तुला न सांगता मी खुर्ची दिली आणि गडबडीत विसरलो."

"तू निदान त्यांना बघितलंस तरी. मी खुर्ची बघितली आणि माणूस बघायचा राहिला." मग तिला रडू आले. तिबूर्सियोने फरशी पुसायचे थांबवून तिला कॉफी आणून दिली. कॉफीत साखर नव्हती, कारण त्या आठवड्यात साखर आलीच नव्हती. तिने ती तशीच प्यायली.

दुसऱ्या दिवशी ओदालिसने जखमेवर लावायची चिकटपट्टी घेतली, माझ्या उजव्या हातावर डकवली आणि त्यावर काही लिहिले नाही. मला कळेना. मग पहिला पेशंट बसला, तिने त्याला तपासले आणि पट्टीवर वेळ लिहिली. तो उठला तेव्हा पट्टी काढून कोरी लावली. आता नियम बदलला आहे. पाय लटपटत असतील त्याने खुशाल माझ्यात बसावे, कुणाची परवानगी नको. पण पट्टी कोरी असेल तर त्याला अजून कुणी पाहिलेले नाही, हे बघायचे काम खोलीतल्या प्रत्येकाचे. आणि ट्रक उलटला तरी अर्ध्या अर्ध्या तासाने ओदालिस बाहेर येऊन एक फेरी मारतेच.

दोन महिन्यांनी नेरेइदाबाई तपासणीला आल्या. ओदालिससाठी थर्मास भरून कॉफी घेऊन आल्या होत्या, साखर घालून. तिबूर्सियोने लगबगीने मला पुढे केले.

"नको रे बाबा तुझी ती खुर्ची," त्या हसत म्हणाल्या. "हिच्यात बसलं की माणूस दिसेनासा होतो."

सगळे हसले. मला मात्र ते लागले, कारण खरे होते. ओदालिसने नेरेइदाबाईंचा हात धरून माझ्या लाकडावरच्या कोऱ्या पट्टीवर ठेवला आणि ती कशासाठी आहे ते सांगितले. बाई बराच वेळ पट्टीवरून बोट फिरवत राहिल्या. मग हळूच माझ्यात बसल्या आणि म्हणाल्या, "मग बघत काय बसलीस? लिही की माझी वेळ!"

मागच्या वर्षी एक नवी कोरी खुर्ची खोक्यातून आली. तिची दोन्ही चाके एका मापाची आहेत. ती वरच्या मजल्यावर गेली, कारण खालच्या लोकांनी मला सोडायला नकार दिला. ऐकून माझ्या नळ्या सुखावल्या. मी म्हातारी झाले आहे, ताडपत्री दोनदा बदलली आहे, उंबऱ्यावर अजून अडते. पण मला रोज पुसतात, तेल घालतात आणि कोंबडीला जवळ फिरकू देत नाहीत. आणखी काय हवे?

मित्रांनो, तुमच्या गावच्या दवाखान्यातही माझ्यासारखी कुणीतरी दाराशी उभी असेल. तिच्यावर बसून गोल गोल फिरू नका, तिची चाके मोडू नका, तिला अंगणात टाकू नका. पण हे सगळे विसरलात तरी एक विसरू नका. तिच्यात कुणी गप्प बसलेले दिसले, तर त्याचे झाले असेल असे समजून पुढे जाऊ नका. जवळ जा, वाका आणि विचारा, "तुम्हाला कुणी पाहिलंय का?"